अर्ध्या वणावरची पट्टी

मालन,

सकाळी सव्वासात वाजले की माझे पाय अजून आपोआप फ्रिजकडे वळतात. दुसऱ्या कप्प्यात, दुधाच्या पातेल्यामागे, हिरवट मलमाची बाटली आहे. ती काढायची, झाकण उघडायचं आणि हाक मारायची, "चल गं, मला कॉलेजला उशीर होतोय." मग तू पाठमोरी स्टुलावर बसायचीस आणि मी तुझ्या उजव्या खांद्यामागच्या फऱ्यावरच्या वणाला बोटानं मलम लावायचो. "आवं, गार लागतंय की," असं तू रोज म्हणायचीस, जसं काही मी आज पहिल्यांदाच लावतोय. दोन मिनिटांचं काम. तू जाऊन आज बावीस दिवस झाले आणि बाटली निम्मी शिल्लक आहे.

माणसं येऊन गेली. सगळ्यांनी मला एकच सांगितलं, की स्वतःला कामात गुंतवा. मी मान हलवली. आपण दोघंच होतो, मूलबाळ नाही, त्यामुळे शेवटचा पाहुणा गेला तेव्हा दाराला कडी लावायलाही मीच होतो. घरात आता फ्रिज सुरू झाल्याचा आणि बंद झाल्याचा आवाज येतो. इतकी वर्षं तो कधी ऐकू आला नव्हता, कारण तुझं शिवणाचं मशीन चालू असायचं. त्या मशीनच्या आवाजावर मी किती वेळा चिडलो असेन! "जरा थांबव ते, पेपर तपासतोय," म्हणायचो. आता थांबलं आहे आणि मला एक पेपर तपासता येत नाही.

गल्लीतल्या बायका ब्लाऊजपीस परत न्यायला येतात. दारातच उभ्या राहतात, रडतात, आणि मग हळूच विचारतात, "माझा मोरपंखी व्हता, कापलाय का वो?" मला काय कळणार? मला कांद्याच्या सालीत काय असतं ते विचारा. शेवटी शेजारच्या शमीमभाभी धावून आल्या. तुझ्या साड्यांना फॉल-पिको त्याच करायच्या, त्यांना तुझ्या गाठोड्यांची रीत माहीत. "भाऊजी, कपडे मी बघते. तुमी नुसते बसून ऱ्हावा," म्हणाल्या. मी बसून राहिलो. त्या बसण्यातूनच हे सगळं निघालं, म्हणून तुला लिहितोय.

पण आधी पहिल्यापासून. तुला सगळं ठाऊक आहे, तरी मला क्रमानं सांगितल्याशिवाय जमत नाही. मास्तरकी अंगात भिनली आहे, तू म्हणायचीस तशी.

लग्नाला सहा-सात महिने झाले होते. आपण कवठे महांकाळजवळ आमच्या गावी होतो. तू औंधची, कृश अंगाची, आणि आमच्या घरी पाण्याचे हंडे लांबून आणावे लागायचे. तुझा खांदा धरला. आईनं डब्यातून बिब्बा काढला. दाभणाला टोचून दिव्यावर धरला, तसं त्याला तेल सुटायला लागलं. परीट ज्या बिब्ब्यानं कपड्यांवर न निघणाऱ्या खुणा करायचे, तोच हा बिब्बा. "पालथी पड गं. उद्या खांदा हलका हुतोय बघ," आई म्हणाली. तिच्या मनात काही वाईट नव्हतं. तिनं स्वतःच्या गुडघ्यालाही लावला होता.

तू चटईवर पालथी पडलीस आणि मान वळवून माझ्याकडे बघितलंस. मी औषधनिर्माणशास्त्राची पदवी घेऊन नुकताच आलो होतो, दाराला टेकून उभा होतो. तू विचारलंस, "तुमी औषधाचं शिकलाय न्हवं? लावू का वो?"

आई दाभण धरून थांबली. तुम्ही दोघी माझ्याकडे बघत होतात.

मी म्हणालो, "आईला कळतं त्यातलं."

दुसऱ्या दिवशी बिब्बा उतला. फऱ्यावर भला मोठा फोड, मग लस, मग खपली. आठवडे गेले, जखम भरली. पण भरायची थांबलीच नाही. काही जणांची कातडी अशीच असते, जखम बुजवायला निघते आणि कुठं थांबायचं ते तिला कळत नाही. धाग्यावर धागा विणत राहते. वर्षभरात तिथं चार बोटं लांब, करंगळीएवढा जाड, चकचकीत तांबूस वण उभा राहिला. खाजायचा, हवा बदलली की ठणकायचा. डॉक्टरी भाषेत केलॉइड. तू त्याला "माझं बाळ" म्हणायचीस, चारचौघींत, हसत. मला ते ऐकवत नसे.

मग मला सांगलीत कॉलेजात नोकरी लागली, आपण इथं आलो, आणि तू मशीन घेतलंस. साऱ्या गल्लीला तू पाठीला मोठ्या गळ्याचे ब्लाऊज शिवून दिलेस. कुणाला गोल, कुणाला चौकोनी, कुणाला मागं नाडी आणि लटकन. स्वतःचे सहा मात्र मानेपर्यंत बंद. तुझ्या भाचीच्या लग्नात कुणीतरी म्हणालं, "मालनकाकू, कापड कमी पडलं की काय म्हणून लोक मोठा गळा करत्यात, तुमी उलटंच." तू हसलीस. मी ताटातल्या जिलेबीकडे बघत बसलो.

त्याच सुमाराला तू एकदा विचारलंस. काज करत होतीस, मान वर न करताच म्हणालीस, "तुमच्या पुस्तकात व्हतं का वो ते? बिब्बा असा उततो म्हणून?"

"नव्हतं," मी म्हणालो. "आम्हाला तो भागच नव्हता."

"मग तुमी तरी काय करणार," म्हणालीस आणि दातानं दोरा तोडलास.

त्यानंतर मी वणाच्या मागं लागलो. लोक विचारायचे, हाच विषय का घेतलात? मी काहीतरी भारदस्त सांगायचो. खरं कारण घरात पाठमोरं बसून शिवत होतं.

आधी हळद. सांगलीत राहून हळद नाही घ्यायची तर काय? हळदीतला जो पिवळेपणा, त्या कर्क्युमिननं काचेच्या बशीतल्या पेशींचं हे जास्तीचं विणकाम मंदावतं, असं जगभर लोक लिहीत होते. मीही करून बघितलं, मंदावलं. आनंदानं मलम करून आणलं. वणाला ढिम्म फरक नाही, कारण ते कातडीत शिरतच नाही, वरवर रंगवतं. पण घरातली चादर, उशी, टॉवेल, सगळं पिवळं. "माझी सहाच्या सहा ब्लाउजं हळदीची नवरी केलीसा की वो!" तू ओरडलीस. मग कांदा. कांद्याच्या सालीतल्या क्वेरसेटिनवर माझा फार जीव होता. तू चार महिने लावून घेतलंस आणि एक दिवस म्हणालीस, "गिऱ्हाईक इचारतंय, भाजीला फोडणी घातलीया का? काय सांगू? पाठीला घातलीया म्हणू?"

शेवटी मंडूकपर्णी. कृष्णेच्या काठी ओलीत पसरते ती, बारक्या गोल पानांची. रविवारी आपण दोघं जाऊन पिशवी भरून आणायचो, तू साडी खोचून चिखलात आणि मी काठावरून सूचना देत. तिच्यातलं एशियाटिकोसाइड जखम नीट भरायला मदत करतं असं जुनी मंडळीही म्हणत आली आणि नवीही म्हणतात. बशीत उत्तम निकाल. तुझ्या पाठीवर? थोडा मऊ झाला होता, किंवा मला तसं वाटत होतं. अशा विषयावरच्या प्रत्येक लेखाचं शेवटचं वाक्य एकच असतं, की माणसांवर अधिक अभ्यास व्हायला हवा. मी तसं वाक्य किती वेळा लिहिलं! तू एकदा मला विचारलंस, "तुमच्या त्या बशीला पाठ हाय का? ती मशीनवर वाकती का? तिला घाम येतोय?" मी तुला अडाणी म्हणालो. मालन, चिडून म्हणालो होतो. प्रश्न पहिल्या प्रतीचा होता. पुढं वर्गात मी तो पोरांना माझा म्हणून सांगितला, हेही आज कबूल करतो.

दवाखान्यातली वणात टोचायची इंजेक्शनं तू तीन घेतलीस आणि चौथ्याला गेली नाहीस. "सुई माझ्या हातात असली तर बरी," म्हणालीस.

आणि मग तुझी पट्टी. ती तुला कुणी शिकवली नव्हती. एक दिवस मलम लावताना म्हणालीस, "हितं हात लावून बघा. जितं ब्लाउजची शिवण दाबती तितं वण बसलाय." मी बोट फिरवलं. खरंच, शिवणीखाली एक सपाट ओळ होती. मी "हं" म्हणालो. तू मात्र त्या हंवर थांबली नाहीस. मलमलीच्या आठ घड्यांची गादी केलीस, तिला दोन्हीकडं रुंद इलॅस्टिक, टोकांना हुकं, आणि ब्लाऊजच्या आतून ती हुकं अडकवायला दोऱ्याची घरं. ब्लाऊज चढवला की गादी बरोबर वणावर दाबून बसायची. दाब देऊन वण बसवतात हे पुस्तकात आहेच. पण ते तू शोधलंस हे मला सहन झालं नाही.

वण मऊ व्हायला लागला आणि आपलं भांडण सुरू झालं. मी म्हणायचो मलमानं, तू म्हणायचीस पट्टीनं. शमीमभाभींना पंच केलं. त्या म्हणाल्या, "दोगं बी खरं," ते आपल्या दोघांनाही पटलं नाही. दोन दिवस तू माझ्याशी बोलली नाहीस आणि भाकरीही जरा जाडच आल्या. तिसऱ्या सकाळी स्टुलावर बसलीस, खांद्यावरून हात मागं करून शिवणकामाचा निळा खडू माझ्या पुढ्यात धरलास.

"आवं मास्तर, भांडून काय हुतंय? अर्धा वण तुमचा, अर्धा माझा. मारा रेघ."

मी थक्क झालो. हेच शिकवायला कॉलेज मला पगार देतं. एकाच माणसाची कातडी, एकच वण, वरच्या दोन बोटांना फक्त मलम, खालच्या दोन बोटांना फक्त पट्टी. तू गादी कापून निम्मी केलीस, हुकांची घरं खाली घेतलीस. मी रेघ मारली. दर रविवारी सकाळी मी व्हर्नियरनं, प्रयोगशाळेतल्या त्या जाडी मोजायच्या पट्टीनं, दोन्ही बाजूंची उंची मोजायची आणि तू ती तुझ्या मापाच्या वहीत लिहायची, असं ठरलं. छाती, कंबर, बाही, मुंढा, आणि त्याच पानाच्या तळाशी "वण, वर" आणि "वण, खाली". गिऱ्हाइकांच्या मापांत तुझं हे एवढंच माप.

पहिले तीन महिने तू जिंकत होतीस. खालचा भाग हळूहळू बसत होता, वरचा होता तसाच. तू काही बोलायची नाहीस, नुसती गुणगुणायचीस, आणि त्यानं मी जास्त पेटायचो. तिसरा महिना संपता संपता माझा मोठा लेख नियतकालिकाकडून परत आला. पंधरा वर्षांचं काम त्यात होतं. बशीतले निकाल ठीक आहेत, पण प्रत्यक्ष वणावर काय पुरावा, असं त्यांनी विचारलं होतं. रविवारी मोजमाप झालं आणि मी व्हर्नियर पलंगावर टाकला.

"पंधरा वर्षं पाला उकळतोय मी," म्हणालो.

"मग काय झालं? मनाला कशाला लावून घेताय? वण माझा हाय न्हवं?"

"तो मला घालवायचाच आहे."

"एवढं काय वो? बिब्बा तुमी लावला व्हता का?"

तेव्हा सांगायला हवं होतं. सकाळ होती, दार लोटलेलं होतं, आपण दोघंच होतो, यापेक्षा चांगली वेळ कुणाला मिळते? मी व्हर्नियर उचलला आणि रुमालानं पुसत बसलो. स्वच्छच होता तो. तू स्टुलावर वळलीस आणि माझ्याकडे बघितलंस. त्या चटईवरून मान वळवून बघितलं होतंस, तसंच. बराच वेळ बघितलंस. मग ब्लाऊज चढवलास आणि विचारलंस, "पोहे करू का उप्पीट?"

मी पोहे म्हणालो.

त्यानंतरच्या महिन्यापासून वरचा भाग बसायला लागला. खरंच बसायला लागला, मोजमाप मीच करत होतो, त्यात चूक नव्हती. आणि खालचा जिथल्या तिथं थांबला, उलट जरा फुगला. मी स्वतःला समजावलं, की वनस्पतीच्या औषधाला वेळ लागतो, दाबाचा परिणाम मात्र तात्पुरता. असं समजावणं मला छान जमतं. पाच-सहा महिन्यांत तुझ्या खडूच्या रेघेवर एक पायरी दिसायला लागली, वर सखल, खाली उंच. मी हरखून गेलो. "हरली बघ तुझी पट्टी!" शमीमभाभींच्या समोर म्हणालो. "हरली बाई," तू म्हणालीस आणि चहा ओतलास.

साताऱ्याचे एक त्वचारोगतज्ज्ञ माझ्या ओळखीचे. त्यांना तुझे फोटो आणि आकडे पाठवले, "एक स्त्री रुग्ण" एवढंच लिहून. नाव सांगायचं नाही असा नियमच आहे, पण खरं तर घरच्या माणसावर प्रयोग केला म्हणायची मला लाज वाटली. ते म्हणाले, या, बोलू, रीतसर परवानगी घेऊन माझ्या काही रुग्णांना देऊन बघू. त्या दिवशी मी साताऱ्याहून कंदी पेढे घेऊन आलो. तू गल्लीभर वाटलेस. "आमच्या ह्यांचं मलम लागू पडलं," प्रत्येक दारात सांगितलंस. तेव्हाचा तुझा चेहरा मला आठवतो. मी तो आनंदाचा समजलो, आणि तो आनंदाचाच होता, फक्त मला कळला होता त्या गोष्टीचा नव्हता.

मग तो मंगळवार. मी कॉलेजात, तू मशीनवर. भाभींना मशीनचा आवाज थांबलेला कळला, फोन त्यांनीच केला. मी पोचलो तेव्हा सुईखाली एक हिरवी बाही अर्धी होती. डॉक्टर म्हणाले, हृदय. तुझ्या हृदयाबद्दल मी कधीच काही मोजलं नाही.

परवा भाभी तुझं कपाट लावत होत्या. मी शेजारी, नुसता बसलेला. त्यांनी तुझा एक ब्लाऊज उलटा केला, आतून ती पट्टी तशीच अडकलेली होती. "भाऊजी, ह्यो कसला डाग हाय?" त्यांनी विचारलं. "हिरवा हाय बघा."

मी हातात घेतली. गादीची मलमल पार हिरवी झाली होती. नाकाशी धरली, मंडूकपर्णीचा वास. मलम लागतं वरच्या अर्ध्याला आणि पट्टी बसते खालच्या. तिला मलमाचा थेंबही लागायचं कारण नव्हतं.

"सरकली असेल वर," मी म्हणालो.

भाभींनी ब्लाऊज उजेडाकडे धरला. त्यांचं बोट शिवणाऱ्या बाईचं बोट आहे, त्याला फसवता येत नाही. "सरकंल कशी? हुकाची घरं उसवून वर घेतल्यात की. ही जुनी टाक्याची भोकं. दोन बोटं वर, बरुब्बर." त्यांनी दुसरा ब्लाऊज काढला, तिसरा काढला. सहाही बघितले. सहांतही खालची घरं उसवलेली, सुईची बारीक भोकं ओळीनं राहिलेली, आणि वर नवे टाके. तुझे टाके, सरळ, एकाला एक लागून.

म्हणजे मी रोज सकाळी वरच्या अर्ध्याला मलम लावून निघून जायचो आणि तू त्यावर तुझी पट्टी बांधायचीस. संध्याकाळी मी यायच्या आत काढायचीस. खालचा तुझा अर्धा तसाच उघडा सोडून द्यायचीस, खाजू द्यायचीस, फुगू द्यायचीस. मला जिंकवायला.

भाभी काय समजायचं ते समजल्या. त्यांनी ब्लाऊज घडी करून माझ्या मांडीवर ठेवला आणि म्हणाल्या, "मला काय म्हनली न्हवती हो ती. एक शबुद न्हाई."

मी आधी चिडलो. तुला सांगतो, तू गेल्यापासून पहिल्यांदा मी तुझ्यावर चिडलो आणि मला फार बरं वाटलं. घरात मोठ्यानं म्हणालो, "असं करतात का मालन? हे शास्त्र आहे! उद्या हे मलम दुसऱ्याला देणार होते!" फ्रिज सुरू झाला आणि बंद झाला.

काल साताऱ्याला गेलो. एसटीत खिडकीशी बसलो, पिशवीत तुझा ब्लाऊज. डॉक्टरांसमोर सगळं मांडलं, की हे आकडे बाद करा, मलमावर दाबही होता, मला माहीत नव्हतं. त्यांना वाईट वाटलं, पण ते सज्जन आहेत. म्हणाले, "सर, कदाचित दोन्ही मिळून काम झालं असेल. नाहीतर नुसत्या दाबानंच. रुग्णाला परत बोलावता येईल का? उरलेल्या अर्ध्यावर पुन्हा नीट करून बघू."

मी नाही म्हणालो. नाही येणार, म्हणालो.

त्यांचं लक्ष पट्टीकडे गेलं. उलटसुलट केली, इलॅस्टिक ताणून बघितलं, गादीवर अंगठा दाबला. "हे कुणी शिवलंय?" त्यांनी विचारलं. "बाजारात मिळतात त्या लोक चार दिवस घालतात आणि टाकून देतात. उकडतं, टोचतं, खांद्याला तर बसतच नाही. हे कुणीतरी अंगावर घालून, विचार करून शिवलंय. बाईंना विचारा ना, माझ्या रुग्णांसाठी शिवून देतील का?"

मी पट्टी परत घेतली आणि मांडीवर सरळ केली. मग मी सांगितलं, की शिवणारी आणि रुग्ण एकच होती, आणि ती माझी बायको होती. माणूस खुर्चीतून उठून उभा राहिला.

तर असं आहे, मालन. पंधरा वर्षांच्या कामातून बाहेर कुणाला काही हवं असेल तर ते तू शिवलेलं. पट्टीवरून मापाचा कागद कापून घ्यायला आज दुपारी भाभी येणार आहेत. शिवेन म्हणतात. मीही मलम सोडणार नाही, नव्यानं, दुसऱ्यांच्या देखत, प्रामाणिकपणे करीन. पण तुझा वण कशानं बसला, माझ्या पाल्यानं की तुझ्या दाबानं, हे आता कधीच कळणार नाही. तुझी पाठ नाही. आपलं भांडण तसंच राहिलं आणि ते मला एकट्याला दोन्ही बाजूंनी भांडावं लागतंय.

रात्रंदिवस डोक्यात असलेली एक गोष्ट मात्र आज सकाळी मापाची वही उघडल्यावर ताडून बघितली. घरं कधी वर घेतलीस ते त्या आकड्यांवरून कळतं. तो पोह्यांचा रविवार. त्याच्या पुढच्या महिन्यापासून सगळं बदललं आहे. म्हणजे मी व्हर्नियर पुसत बसलो आणि तू माझ्याकडे बघितलंस, तेवढ्यात तुला माझं न दिलेलं उत्तर मिळालं. मग तू आत गेलीस, पोहे भिजवलेस, आणि कधीतरी त्या आठवड्यात सहा ब्लाऊज उसवून बसलीस. मला जिंकवायला नव्हे. मला सोडवायला. वण गेल्याचं माझ्या डोळ्यांना दिसावं म्हणून.

पण तो अर्धाच गेला. उरलेल्याबद्दल तू मला विचारलं होतंस, काज करता करता, आणि मी खोटं बोललो होतो. तू तेव्हा मान वर केली असतीस तर कदाचित जमलं नसतं. आज स्टूल रिकामं आहे, तुझी पाठही नाही, तरी सांगतो.

पुस्तकात होतं, मालन. दुसऱ्या वर्षालाच होतं. बिब्ब्याचं तेल कातडीला लागू देऊ नये, फोड येतात, वण राहतो. त्या ओळीखाली मी लाल शाईनं रेघ मारली होती. तू चटईवरून मान वळवून मला विचारलंस ना, लावू का वो, तेव्हा ती रेघ मला दिसत होती.